डोन्या ओदिलिया आणि पापांनी भरलेली होडी

सान होसे शहराच्या दक्षिणेला, जुन्या साबणाच्या कारखान्यापासून शंभर मीटर पूर्वेला, ओदिलिया केसादाचं घर होतं. दारावर फादर बेनिग्नोंनी वाटलेला एक छापील कागद चिकटवलेला होता : ‘हे घर कॅथलिक आहे. इथे प्रोटेस्टंटांचा प्रचार चालणार नाही.’ आणि त्या कागदाच्या बरोबर खाली, ओदिलियाने स्वतःच्या हाताने निळ्या रंगात रंगवलेली पाटी होती : ‘माडीवर खोल्या भाड्याने मिळतील. मिशनऱ्यांना आधी देऊ.’

या दोहोंत काही विसंगती आहे असं तिला कधी वाटलं नाही. शेजारच्या डोन्या एल्बाने एकदा टोकलं तेव्हा ती म्हणाली होती, “प्रचार चालणार नाही असं लिहिलंय, एल्बा. भाडेकरू चालणार नाहीत असं कुठं लिहिलंय? ही माणसं दारू पीत नाहीत, उशिरा घरी येत नाहीत, आणि वर्ष झालं की आपल्या पायांनी निघून जातात. तुमच्या भाच्याला सांगा असं वागायला, त्यालाही देते खोली.”

तीन गल्ल्या सोडून परदेशी प्रोटेस्टंट मिशनऱ्यांना स्पॅनिश शिकवणारी शाळा होती. उत्तरेकडून बायकापोरांसकट कुटुंबं यायची, वर्षभर क्रियापदं घोकायची आणि मग कुणी पेरूला, कुणी होन्डुरासला, जिथं नेमणूक असेल तिथं जायची. शाळेची एक रीत होती. पहिल्याच आठवड्यात नव्या विद्यार्थ्याला चार वाक्यं पाठ करून द्यायची आणि दुपारी गल्लीत सोडून द्यायचं. त्याने दिसेल त्या माणसाला ती चार वाक्यं ऐकवायची. त्यामुळे सप्टेंबर उजाडला की त्या भागात जिकडेतिकडे उंच, लालबुंद, घामाघूम माणसं दिसायला लागत. न्हाव्याच्या दुकानात शिरून म्हणत, “नमस्कार. मी स्पॅनिश शिकतो. मला एवढंच येतं. येतो.” आणि खरंच निघून जात. न्हावी वस्तरा वर धरूनच “या हं” म्हणायचा. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती, की एखाद्या सप्टेंबरात दोन दिवस कुणी आलं नाही तर वाण्याच्या दुकानात चौकशी व्हायची, “यंदा आले नाहीत का अजून?”

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी ओदिलियाच्या माडीवर हॉगन कुटुंब आलं. मिनेसोटातला ऑरिन हॉगन, त्याची बायको मार्लिस, सात वर्षांची इंगा आणि एक रांगतं बाळ. ऑरिन साडेसहा फुटांच्या आसपास होता. जिना चढताना तो इतका वाकायचा, की ओदिलियाचा नवरा बेलार्मिनो म्हणाला, “वाकण्याची सवय चांगली आहे. आपल्याकडच्या मोठ्या देवळात याला काही अडचण येणार नाही.” बेलार्मिनो शहरबसचा ड्रायव्हर होता आणि सगळं बोलणं गिअर बदलल्यासारखं सावकाश, मध्ये थांबत बोलायचा.

मार्लिसची गाडी पहिल्या दिवसापासून सुटली. चुका करत, हातवारे करत, बाळाला काखोटीला मारून ती बाजारात भांडून भोपळे आणू लागली. इंगा तर दोन महिन्यांत गल्लीतल्या पोरींबरोबर अशी भांडायची, की डोळे मिटले तर ती परदेशी आहे हे कळू नये. राहिला ऑरिन. त्याला व्याकरण सगळं यायचं. क्रियापदांचे तक्ते तो माडीवर येरझाऱ्या घालत म्हणायचा, खाली भांड्यांच्या फळीला हादरे बसायचे. पण समोर जिवंत माणूस आला की त्याचं तोंड मिटायचं आणि कान लाल व्हायचे. चूक होईल ही भीती. गावाकडे तो चांगला वक्ता होता म्हणे. भर सभेत लोकांना रडवायचा. इथं त्याला पाव मागता येत नव्हता.

एका दुपारी ओदिलिया मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. पलीकडून तिला आवाज आला. “नमस्कार. मी स्पॅनिश शिकतो. मला एवढंच येतं. तू कसा आहेस?” मग थोडा वेळ शांतता, आणि पुन्हा तेच. तिने चादर बाजूला सारून पाहिलं, तर ऑरिन उकिडवा बसून तिच्या कुत्र्याशी बोलत होता. कानेलो नावाचा तो म्हातारा कुत्रा मान कलती करून अगदी लक्ष देऊन ऐकत होता.

“डॉन ऑरिन,” ओदिलिया म्हणाली, “माझ्या कुत्र्याला तुम्ही अरेतुरे करता?”

ऑरिन ताडकन उठला आणि कपड्यांच्या दोरीत अडकला.

“आमच्या देशात कुत्र्यालासुद्धा ‘तुम्ही’ म्हणतात,” ती म्हणाली. “नवरा, पोरं, मांजर, सगळ्यांना. कानेलो, तुम्ही जरा सरकता का तिकडे? बघा, सरकले. तू म्हटलं असतं तर बसून राहिले असते.”

ऑरिनने खूप वेळ शब्द जुळवले. मग म्हणाला, “माफ कर. पुस्तकात ‘तू’ आहे.”

“पुस्तक काय, कुठंतरी लांब छापलं असेल. उद्यापासून तीन वाजता स्वयंपाकघरात या. कॉफीला. कुत्रा ऐकून घेतो, पण चुका दाखवत नाही.”

अशी ती शिकवणी सुरू झाली. तीन वाजता ओदिलिया कापडी गाळणीतून कॉफी गाळायची, बेलार्मिनोची पाळी लवकर संपली असेल तर तोही येऊन बसायचा, आणि ऑरिन आपले लांब पाय टेबलाखाली कसेबसे कोंबून बोलायला लागायचा. ओदिलियाची पद्धत सरळ होती. चूक झाली की ती चमचा टेबलावर एकदा वाजवायची. पहिल्या आठवड्यात चमच्याचा आवाज ऐकून शेजारच्या एल्बाला वाटलं, की घरात सुताराचं काम काढलंय.

त्यांच्या भाषेत थकलेला माणूस म्हणजे ‘कान्सादो’ आणि लग्न झालेला म्हणजे ‘कासादो’. मधला एक ‘न’ ऑरिनच्या तोंडून हमखास निसटायचा. एकदा तो शाळेतून आला, खुर्चीत कोसळला आणि म्हणाला, “डोन्या ओदिलिया, मी आज फार विवाहित आहे. सकाळी उठलो तेव्हापासून विवाहित आहे. दुपारी तर सहनच होत नाही.”

ओदिलियाने चमचा उचलला. बेलार्मिनोने तिचा हात धरला.

“सुधारू नका,” तो म्हणाला. “माणूस पहिल्यांदाच मनापासून बोलतोय.” आणि ऑरिनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मीसुद्धा, डॉन ऑरिन. एकतीस वर्षं.”

“तुमची कॉफी मी कुत्र्याला देईन,” ओदिलिया म्हणाली.

आठ-दहा दिवसांनी ऑरिनला तो विनोद कळला. माडीवर बसल्याबसल्या कळला, आणि तो एवढ्या मोठ्याने हसला की मार्लिस घाबरून बाळ घेऊन धावत आली. त्या दिवसापासून त्याच्या भाषेची गाठ थोडी सैल झाली.

फेब्रुवारीत शाळेने फर्मान काढलं. प्रत्येक मिशनऱ्याने इस्टरच्या आधी एखाद्या प्रार्थनामंदिरात जाऊन स्पॅनिशमध्ये प्रवचन करायचं. ते जमलं तरच पुढे नेमणुकीच्या जागी जायचं. ऑरिनला बोलिव्हियाला जायचं होतं. त्याच्या वाट्याला शहराबाहेरचं, पत्र्याच्या छपराचं एक लहानसं प्रार्थनामंदिर आलं. पास्टर ओब्दुलियो नावाचा एक चप्पल-बूट दुरुस्त करणारा गृहस्थ ते चालवायचा. ऑरिनने विषय निवडला तो येशूच्या सांगण्यावरून पेत्र नावाच्या कोळ्याने पुन्हा जाळं टाकलं आणि मासेच मासे सापडले, हा.

निवडताना त्याला काय माहीत. ताटातला मासा म्हणजे ‘पेस्कादो’ आणि पाप म्हणजे ‘पेकादो’. मध्ये आहे फक्त एक ‘स्’. आणि थकव्यातला ‘न’ जसा निसटायचा, तसाच माशातला ‘स्’ही निसटायचा.

पहिल्या तालमीला ओदिलिया चूल पेटवत होती. ऑरिन उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, “पेत्राने रात्रभर कष्ट केले, पण त्याला एकही पाप सापडलं नाही.”

“बिचारा,” बेलार्मिनो म्हणाला.

“मग प्रभू म्हणाले, खोल पाण्यात जाळं टाक. त्याने टाकलं, आणि एवढी पापं मिळाली, की दुसरी होडी बोलवावी लागली. दोन्ही होड्या पापांनी भरल्या आणि बुडायला लागल्या.”

“आता खरी वाटते गोष्ट,” बेलार्मिनो म्हणाला. “आमच्या डेपोतली वाटते.”

ओदिलियाने चमचा वाजवलाच नाही. उपवासकाळातला शुक्रवार होता, घरात मटण शिजायचं नव्हतं. तिने परातीतला साफ करायला घेतलेला एक मोठा मासा शेपटीला धरून ऑरिनच्या नाकासमोर धरला.

“हे काय आहे?”

“पे... पेकादो.”

“पेस्कादो. स्स्स. तळताना तेलात काय आवाज येतो? स्स्स. हा खायचा. तो दुसरा करायचा नाही. खायचा तो ‘स्’वाला. म्हणा.”

पुढचे सगळे शुक्रवार असेच गेले. ऑरिन माशाकडे बघत प्रवचन म्हणायचा, ओदिलिया तव्यावर मासा सोडायची आणि त्या आवाजाकडे बोट दाखवायची. ऐकून ऐकून तिला ते प्रवचन त्याच्यापेक्षा चांगलं पाठ झालं. भांडी घासताना ती म्हणायची, “आणि पेत्र म्हणाला, प्रभो, माझ्यापासून दूर हो, मी पापी माणूस आहे.” मग स्वतःच कपाळावर क्रूस काढायची. प्रोटेस्टंटांचं प्रवचन आपण भांडी घासताना म्हणतोय याची तिला मधूनच आठवण व्हायची. पण त्यात खटकण्यासारखं एकही वाक्य तिला सापडलं नव्हतं, आणि तिने शोधलं नव्हतं असं नाही.

प्रवचनाच्या रविवारी ती चर्चमधली सकाळची मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, आटोपून आली आणि डोक्यावरची ओढणी काढलीच नाही. बेलार्मिनोने विचारलं, “कुठं निघालात?”

“डॉन ऑरिनबरोबर.”

“त्या देवळात? तुम्ही?”

“मी प्रार्थनेला जात नाही. ‘स्’ ऐकायला जातेय. सहा आठवडे मासे मी तळलेत, बेलार्मिनो. कुणीतरी बघायला नको, त्यांचं काय होतं ते?”

प्रार्थनामंदिरात ती शेवटच्या बाकावर, दाराला लागून बसली. एक पाय मुद्दाम उंबऱ्याच्या बाहेर ठेवला. अर्धं बाहेर असलं तर आत गेल्याचं पाप अर्धंच लागत असेल, असा तिचा हिशेब. मार्लिस आणि पोरं पुढे बसली होती. माणसं चाळीसएक असतील. पास्टर ओब्दुलियोने पाहुण्याची ओळख करून दिली आणि ऑरिन उठला. छपराच्या तुळईला डोकं लागेल म्हणून त्याला मान थोडी वाकवूनच उभं राहावं लागलं.

सुरुवात छान झाली. पेत्र आला, तळं आलं, रात्रभराचे कष्ट आले. ओदिलिया ओठ हलवत त्याच्याबरोबर म्हणत होती. मग पुढच्या बाकावर कुणाचं तरी मूल शिंकलं, ऑरिनने तिकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. तो उभाच राहिला. कान लाल झाले. पत्र्यावर कुठलासा पक्षी चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती. मार्लिसने डोळे मिटले.

“‘गुरुजी, तुमच्या शब्दावरून,’” मागून आवाज आला.

ओदिलियाला कुजबुजता येत नसे, ही एक अडचणच होती. तिचा बाप कानाने अधू. पुरिस्कालच्या डोंगरात कॉफी तोडताना लहानपणापासून ती त्याच्याशी बोलायची ती एकेक शब्द सुटा करून, ओठ पूर्ण उघडून, खणखणीत. तिच्या अंगातली ती सवय बाप गेल्यावरही गेली नाही. तिला वाटलं आपण हळूच सांगितलं. ते पार वेदीपर्यंत गेलं. चाळीस डोकी मागे वळली.

“गुरुजी, तुमच्या शब्दावरून,” ऑरिन म्हणाला.

“‘मी जाळं टाकतो.’”

“मी जाळं टाकतो.”

दोन-चार वाक्यं तो एकटा चालला, पुन्हा अडला. पुन्हा मागून आवाज. तिसऱ्या वेळी ओदिलिया उभी राहिली, कारण बसून सांगताना तिला श्वास पुरत नव्हता. तिच्या वाक्याला एका म्हाताऱ्याने “आमेन” म्हटलं. मग सगळेच म्हणू लागले. ऑरिनच्या वाक्याला एक आमेन, ओदिलियाच्या वाक्याला एक. तिचा उंबऱ्याबाहेरचा पाय केव्हा आत आला हे तिलाच कळलं नाही.

आणि मग तो क्षण आला. ती श्वास रोखून उभी होती. ऑरिनने दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, “आणि जाळ्यात एवढी पापं आली, एवढी पापं, की जाळं फाटायला लागलं.”

ओदिलियाने कपाळाला हात लावला.

आमेन म्हणणारा तो म्हातारा शांतपणे म्हणाला, “त्यातली निम्मी माझी असतील, भाऊ.”

सगळं देऊळ हसलं. पास्टर ओब्दुलियोने डोळे पुसले. आणि ऑरिन, चुकीच्या भीतीने कुत्र्याशी बोलणारा ऑरिन, तोही हसला. हातातला कागद त्याने घडी करून खिशात टाकला. म्हणाला, “मासे. मला मासे म्हणायचं होतं. डोन्या ओदिलियांनी मला मासा दाखवून शिकवलं. तरी मी चुकतो. पेत्रही चुकायचा. रात्रभर जाळं टाकून काही मिळालं नाही की माणसाला पुन्हा टाकायची लाज वाटते. मला रोज सकाळी वाटते, तोंड उघडताना.” क्रियापदं वेडीवाकडी पडत होती, पण तो थांबत नव्हता. सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणत होता. ओदिलिया खाली बसली. तिला आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, कारण हे त्या कागदावर नव्हतंच.

बाहेर पडताना पास्टर ओब्दुलियोने तिचे दोन्ही हात धरले. “ताई, काय वाणी आहे तुमची. कुठल्या मंदिरात सेवा करता?”

“साबणाच्या कारखान्यामागे,” ओदिलिया म्हणाली. “फादर बेनिग्नोंच्या चर्चमध्ये. रोझरीचा जप म्हणते.”

ओब्दुलियोने हात सोडले नाहीत, पण त्याची पकड थोडी सैल झाली.

अशी बातमी पोचायला वेळ लागत नाही. डोन्या एल्बाच्या जावेची सून त्याच प्रार्थनामंदिरात जायची. बुधवारपर्यंत गल्लीत झालं होतं, की ओदिलिया केसादा प्रोटेस्टंटांची प्रवचनकार झाली. गुरुवारी, की तिला पुन्हा बाप्तिस्मा दिला. शुक्रवारी वाण्याने तिला विचारलं, की मासे आता तुम्हाला हवेतच ना, की त्या लोकांत उपवास नसतो?

शनिवारी ती पापनिवेदनाला गेली. जाळीच्या पलीकडे फादर बेनिग्नो बसले होते. ते स्पेनहून आलेले, सत्तरीचे, आणि पोटाच्या दुखण्यामुळे फक्त गुळाचं गरम पाणी पिणारे.

“बोला, ओदिलिया. मी ऐकलंय, पण तुमच्या तोंडून ऐकू दे.”

“फादर, मी परक्या देवळात गेले. बोललेसुद्धा.”

“काय बोललात?”

“पेत्र आणि मासे.”

“त्यात श्रद्धेच्या विरुद्ध काही?”

“माझ्या बोलण्यात नव्हतं. डॉन ऑरिननी होडीत पापं भरली एकदा. पण ते जिभेमुळे.”

जाळीपलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. तो बराच वेळ चालला. ओदिलियाला काळजी वाटली, दुखणं वाढलं की काय.

“आणि लोकांनी ऐकलं?” फादरनी शेवटी विचारलं.

“शेवटच्या बाकापर्यंत, फादर.”

“हं. आमच्याकडे शास्त्रपाठ डॉन फुल्हेन्सियो वाचतात. बँकेतले. गेली चार वर्षं वाचतायत, आणि काय वाचतात ते फक्त त्यांना आणि देवाला कळतं. ऐका तुमचं प्रायश्चित्त. तिकडे जाऊन तोंड उघडलंत, आता इकडेही उघडा. पेन्टेकॉस्टच्या रविवारी अकराच्या मिस्सेला पहिला पाठ तुम्ही वाचायचा.”

“फादर, मी पाचवी शिकलेय. आणि बाई वेदीजवळ...”

“रोममधून परवानगी आलेली आहे. मीच वापरली नव्हती. आता त्याऐवजी पन्नास रोझऱ्या देऊ का?”

ओदिलियाने खरं तर रोझऱ्याच मागितल्या. मिळाल्या नाहीत.

घरी येऊन तिने पुस्तकातला पेन्टेकॉस्टचा पाठ उघडला आणि ती बोट ठेवून वाचायला लागली. पवित्र आत्मा उतरला, प्रेषित निरनिराळ्या भाषांत बोलू लागले, हे ठीक. पण ते ऐकणाऱ्या लोकांची यादी. पार्थी, मेदी, एलामी, मग मेसोपटेम्या, कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुलिया. असली नावं तिने आयुष्यात उच्चारली नव्हती. बेलार्मिनोने खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाला, “एवढे थांबे? ही बस संध्याकाळपर्यंत पोचायची नाही.”

तीन वाजता ऑरिन कॉफीला आला तर चूल पेटलेली नव्हती आणि ओदिलिया डोकं धरून बसली होती. त्याने पुस्तक स्वतःकडे ओढलं. ती सगळी गावं त्याने धर्मशिक्षणाच्या शाळेत नकाशावर शिकली होती, मूळ ग्रीकमध्ये.

“कप्पदुकिया,” तो म्हणाला.

“कप्पुद... कप्पा...” ओदिलियाने पुस्तक मिटलं. “हे लोक तिथं कशाला आले होते सगळे एकाच दिवशी?”

ऑरिनने चमचा उचलला आणि टेबलावर एकदा, हळूच, वाजवला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. “तुम्हाला फार मजा वाटतेय, डॉन ऑरिन.”

“फार,” तो म्हणाला. “उद्या पंफुलिया.”

पुढचे सगळे आठवडे स्वयंपाकघरात आशिया मायनर घुमत होतं. इंगा दोरीवरच्या उड्या त्या नावांवर मारायला लागली आणि तिच्या मागून गल्लीतल्या सगळ्या पोरी. बेलार्मिनोने म्हणे एकदा भर बसमध्ये थांबा पुकारताना “फ्रुगिया” म्हटलं, आणि दोन बायका उतरल्यासुद्धा.

पेन्टेकॉस्टच्या दिवशी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. अर्धे लोक भक्तीने आले होते आणि अर्धे एल्बाने बोलावले होते. मार्लिस पोरीला घेऊन मधल्या बाकावर बसली. ऑरिनचं मन काही आत यायला होईना. त्याच्या गावाकडच्या मंडळींना कळलं असतं तर प्रश्न आले असते. तो बाळाला घेऊन समोरच्या चौकात बर्फाच्या गोळ्याच्या गाडीपाशी उभा राहिला. चर्चची दारं सताड उघडी होती.

ओदिलिया काळ्या पोशाखात वर गेली. तिने पुस्तक उघडलं. पहिलं वाक्य तिच्या तोंडून आलं ते घोगरं, भलतंच. डॉन फुल्हेन्सियोने समाधानाने पाय लांब केले. मग तिची नजर तिसऱ्या बाकावर गेली. तिथं डॉन तोबियास बसले होते, कानामागे हात धरून, तोंड किंचित उघडं ठेवून, एकही शब्द हातचा जाऊ नये म्हणून पुढे झुकलेले. असं बसणारं माणूस तिने लहानपणी रोज पाहिलं होतं. तिने पाठ सरळ केली, तोंड उघडलं आणि डॉन तोबियासांना सांगायला लागली.

पार्थी आले, मेदी आले. कप्पदुकिया एका दमात आला. पंफुलिया अशी आली, की चौकात गोळेवाल्याने मान वर करून विचारलं, “हे कुठंशी आलं?” आणि ऑरिनने त्याला स्पॅनिशमध्ये, न अडखळता, समुद्र कुठे आणि डोंगर कुठे ते हवेत बोटाने काढून दाखवलं.

सगळा पाठ संपला. आता ‘हा प्रभूचा शब्द’ एवढं म्हणून खाली यायचं. पण वर्षानुवर्षं परदेशी भाडेकरूंशी बोलून लागलेली सवय जिभेवर आली. ओदिलियाने पुस्तकावरून मान वर केली आणि विचारलं, “कळलं सगळ्यांना?”

लोक एकमेकांकडे बघू लागले. असा प्रश्न त्या जागेवरून आजवर कुणी विचारला नव्हता. तिसऱ्या बाकावरून डॉन तोबियास म्हणाले, “एलामींच्या नंतरचे कोण ते राहिले, बाई.”

तिने पान मागे उलटलं आणि ती यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. फादर बेनिग्नो खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते.

ऑगस्टमध्ये हॉगन कुटुंब बोलिव्हियाला गेलं. निघताना ऑरिनने बेलार्मिनोला मिठी मारली, ओदिलियाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं. ते निघालं नाही. या वेळी मात्र भाषेचा दोष नव्हता. ओदिलियाने त्याच्या हातात केळीच्या पानात बांधलेलं पुडकं दिलं आणि म्हणाली, “मासा नाहीये, डुकराचं आहे. विमानात वास येत नाही.” गाडी वळेपर्यंत इंगा मागच्या काचेतून ओरडून गल्लीतल्या पोरींशी भांडण पुरं करत होती.

फादर बेनिग्नोंनी प्रायश्चित्त संपलं असं काही जाहीर केलं नाही. ओदिलियानेही विचारलं नाही. दर रविवारी अकराला ती वाचू लागली. डॉन फुल्हेन्सियो दानपेटी फिरवू लागले आणि त्यात ते फारच चांगले निघाले, कारण तिथं बोलावं लागत नव्हतं.

पुढच्या सप्टेंबरात नवी तुकडी आली तेव्हा शाळेतल्या एका बाईंनी वर्गात सहज सांगितलं, की स्वच्छ, सुटं स्पॅनिश कानावर पडायला हवं असेल तर साबणाच्या कारखान्यामागच्या चर्चमध्ये अकरा वाजता जा, मागे बसा, पहिला पाठ ऐका आणि निघा. पहिल्या रविवारी दोघं आले. मग सहा. नाताळाच्या सुमाराला शेवटचे दोन बाक उंच, गोऱ्या, हातात पेन्सिल घेतलेल्या प्रोटेस्टंटांनी भरू लागले. शेवटी आपल्या पंथाची ही परदेशी माणसं रविवारी जातात कुठं हे बघायला पास्टर ओब्दुलियो स्वतः आला. दारातच उभा राहिला. ओदिलिया वाचत होती. तिचं संपेपर्यंत तो थांबला, आणि मग आणखी थोडा.

मिस्सेनंतर फादर बेनिग्नोंनी त्याला गुळाचं पाणी पाजलं. दोघं पायरीवर बसले होते. ओदिलिया ओढणीची घडी घालत त्यांच्या बाजूने गेली तेव्हा ओब्दुलियो विचारत होता, “फादर, महिन्यातून एक रविवार तरी द्याल का ही बाई?”

“चप्पल दुरुस्त करता ना तुम्ही?” फादर आपला बूट पायातून काढत म्हणाले. “आधी हा बघा. मग बोलू.”

“मला विचारा कुणीतरी,” ओदिलिया म्हणाली, आणि जेवणाला उशीर होत होता म्हणून थांबली नाही.